पेटीबाहेरचे आईबाप

एप्रिल 2025 मध्ये पुण्यात अनामत रकमेवरून रान पेटलं. दीनानाथ मंगेशकर रुग्णालयाने एका गर्भवतीकडे दहा लाख मागितले, असा नातेवाइकांचा आरोप होता. वाकडच्या सूर्या रुग्णालयात तिला अकाली जुळ्या मुली झाल्या आणि 31 मार्चला तिचा मृत्यू झाला. मोर्चे निघाले, चौकशी समित्या बसल्या, तातडीच्या रुग्णांकडून अनामत घेणार नाही असं रुग्णालयाने जाहीर केलं. संताप रास्तच होता. पण अतिदक्षता विभागात झुंजणाऱ्या अशा पोरांबद्दलची सगळी चर्चा ‘बिल कोण भरणार’ इथेच थांबली.

बिलाला निदान कागदावर उत्तरं आहेत. 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात आजारी नवजाताचे उपचार मोफत आहेत, महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आहेत. त्यापुढचं, आईबापांनी बाळाजवळ राहण्याचं, या योजनांत नाही. ‘बाळ पेटीत ठेवलंय’ असा घरी फोन जातो. मग आई वॉर्डात, बाळ काचेआड, बाप जिन्यात. ठरल्या वेळी क्षणभर बघायचं, वजन किती भरलं ते विचारायचं, वाटीत काढलेलं दूध सिस्टरच्या हाती द्यायचं आणि बाहेर यायचं.

आईबापांना आत राहू द्या म्हटलं की हरकत ठरलेली: जंतुसंसर्ग होईल. ही हरकत घेणारे डॉक्टर निष्ठुर नाहीत. दीड किलोच्या बाळाच्या रक्तात जंतू गेले की काही तासांत काय होतं, ते त्यांनी पाहिलेलं असतं. म्हणूनच उत्तर पुराव्यानं द्यायला हवं, आणि तो आहे. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी बाळं आईच्या छातीशी बांधली, ती पेट्या अपुऱ्या आणि संसर्ग फार म्हणूनच. टोपी, मोजे आणि लंगोट एवढ्यावर बाळ उभं धरायचं, कातडीला कातडी लावायची, वरून कापड गुंडाळायचं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत एक ते 1.8 किलोच्या बाळांवर मोठा अभ्यास केला. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्यात होतं. ज्या गटात जन्मानंतर लगेच आईला बाळासोबत अतिदक्षता विभागातच ठेवलं, त्यात 28 दिवसांतले मृत्यू 12 टक्के होते; नेहमीच्या पद्धतीच्या गटात 15.7 टक्के. 2021 मध्ये हे निष्कर्ष छापून आले. संसर्गाची शंका आलेली बाळंसुद्धा आईसोबतच्या गटात कमीच होती. ज्या भीतीनं आईला बाहेर ठेवलं जातं, ती भीतीच इथे उलटी पडली.

आणि हे परक्या मुलखातलंच शहाणपण आहे असंही नाही. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उभी केली, तीही महापालिकेच्या रुग्णालयात. पिंपरीचं वायसीएम रुग्णालयसुद्धा महापालिकेचंच आहे; तिथेही हे जमू शकतं.

इथवर आलं की सगळा दोष रुग्णालयाच्या दारावर टाकावासा वाटतो. पण चाकणच्या एमआयडीसीतल्या कामगारांकडे पाहिलं की तो टिकत नाही. दार सताड उघडलं तरी आत येणार कोण? सिझेरियन झालेली आई चोवीस तास बाळ छातीशी धरून बसू शकत नाही. तिच्या जागी बापाची छाती चालते, फक्त बाप पहिल्या पाळीला गेलेला असतो. कंत्राटी कामगाराचा खाडा पडला की त्या दिवसाचा पगार गेला, आणि खाडे वाढले तर ठेकेदार दुसरा माणूस आणतो. कायद्याने आईला 2017 पासून 26 आठवड्यांची रजा आहे. अकाली प्रसूतीमुळे तीच आजारी पडली तर आणखी महिनाभर मिळते. बाळ आजारी असल्याबद्दल एक दिवसही नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला 15 दिवसांची पितृत्व रजा आहे, खासगी कारखान्यातल्या बापाला कायद्याने काहीच नाही.

ब्रिटनने 6 एप्रिल 2025 पासून आजारी बाळासाठी रजा देणारा कायदा लागू केला, म्हणजे पुण्यात अनामतीचा वाद पेटला होता त्याच आठवड्यात. जन्मानंतरच्या 28 दिवसांत बाळ दाखल झालं आणि सलग सात दिवस रुग्णालयात राहिलं, तर आई आणि बाप दोघांनाही नेहमीच्या रजेखेरीज बारा आठवड्यांपर्यंत रजा मिळते.

चाकणच्या कंपन्या सामाजिक दायित्वाच्या दोन टक्क्यांतून रुग्णालयाला पेट्या देऊ शकतात, आणि द्याव्यात. पण तो निधी स्वतःच्या कामगारांसाठी खर्च करायला नियमांचीच मनाई आहे. बापाची रजा मस्टरवर, भरपगारी, कायद्यानेच यावी लागेल, आणि ठेकेदाराच्या मस्टरवरही.