पाळण्याला नमस्कार कशासाठी?

जन्मस्थान पाहायला गेलेला माणूस तिथं नेमका कशाला हात जोडतो? हा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारत नाही, मीही कधी विचारला नव्हता. तो पडला जर्मनीतल्या आइस्लेबेन गावी, मार्टिन ल्यूथरच्या जन्मघरात.

लेक हाले शहरात नोकरीला आहे. तिथून आइस्लेबेन रेल्वेनं जवळ. नाशिकच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या आईला सुट्टीत कुठे न्यायचं, याचा तिला फार विचार करावा लागला नाही. 'धर्मसुधारणा चळवळ' हा धडा मी शिकवत आले. १५१७, विटेनबर्ग, ९५ सिद्धांत, पापक्षमेच्या चिठ्ठ्यांची विक्री. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी सत्तेच्या उदयावरच्या आपल्या इंग्रजी पुस्तकात (१९००) महाराष्ट्रातल्या संतांच्या कार्याची तुलना युरोपातल्या याच चळवळीशी केली. त्यामुळे आमच्या पिढीच्या शिक्षकांना ल्यूथर थोडा घरचाच वाटत आला आहे. रानड्यांचं जन्मगाव निफाड आमच्याच जिल्ह्यातलं, तेव्हा माझा हक्क जरा जास्तच.

गाव तांब्याच्या खाणींचं. आता खाणी बंद आहेत, पण मातीचे उंच, टोकदार ढिगारे अजून शिवारात उभे दिसतात. ल्यूथरचे वडील हान्स याच धंद्यात होते, तांबं गाळणारे. १४८३ मध्ये पोटापाण्यासाठी ते इथं आले, १० नोव्हेंबरला मुलगा झाला, आणि दुसऱ्या वर्षी बिऱ्हाड मान्सफेल्डला हललं. म्हणजे ज्या घरावर आज जागतिक वारशाची पाटी आहे (ती १९९६ सालची), तिथं ल्यूथर जेमतेम काही महिने होता, तोही अंगावर पिणारा.

बरं, घर तरी तेच आहे का? नाही. ते १६८९ च्या आगीत जळालं. गावानं जागा घेऊन १६९३ मध्ये तिथं नवं घर उभारलं. त्यात गरीब मुलांची शाळाही होती आणि ल्यूथरच्या स्मरणार्थ एक सजवलेलं दालनही. जर्मन भाषकांच्या मुलखातल्या सगळ्यात जुन्या संग्रहालयांमध्ये त्याची गणना होते. आज आपण जिन्याच्या ज्या लाकडी कठड्याला हात लावतो, त्याला ल्यूथरच्या आईचा हात कधी लागलेला नाही. शाळेची कल्पना मला मात्र फार आवडली. थोराच्या जन्मघरात गोरगरिबांची पोरं बाराखडी गिरवतात, याहून चांगलं स्मारक मला सुचत नाही.

आणि साल? ल्यूथरचा सहकारी मेलांख्टॉन यानं लिहून ठेवलंय की, त्यानं ल्यूथरच्या आईला विचारलं, तेव्हा तिला दिवस आणि वेळ पक्की आठवत होती, सालाबद्दल मात्र तिची खात्री नव्हती. हे वाचून मला माझी आजीच दिसली. तिथंही पत्रिकावाल्यांनी संधी साधली. लुका गाउरिको नावाच्या इटालियन ज्योतिषानं ल्यूथरचा जन्म २२ ऑक्टोबर १४८४ चा धरून कुंडली मांडली, कारण त्या वर्षी मोठी ग्रहयुती होती आणि धर्माला हादरा देणारा माणूस युतीवरच जन्मायला हवा होता! ल्यूथर ज्योतिषाची टर उडवायचा. आपली तारीख दुसऱ्यांनी आपल्या सोयीनं ठरवावी, याचं त्याला हसूच आलं असणार.

घर मूळचं नाही, साल निर्विवाद नाही, वास्तव्य काही महिन्यांचं. तरी माणसं येतात आणि आवाज खाली आणून बोलतात. मीही तसंच बोलत होते.

गंमत अशी की, पवित्र अवशेषांच्या पूजेवर ज्यानं आसूड ओढले, त्याच्याच बाबतीत हे घडलं. त्याचा आश्रयदाता राज्यकर्ता फ्रेडरिक याच्या विटेनबर्गच्या संग्रहात अवशेषांचे हजारो तुकडे होते. संतांची हाडं, गव्हाणीतलं गवत, काय काय. दर्शन घेतलं की पापाची वर्षं वजा. ल्यूथरनं हा हिशोबच उधळून लावला. १५२२ मध्ये तर त्यानं अनुयायांना बजावलं की, माझं नाव लावून घेऊ नका. पण १६८९ च्या आगीतून त्याचं एक चित्र वाचलं आणि बोभाटा झाला की ल्यूथर जळत नाही! त्याच्या वस्तूंच्या लाकडाच्या ढलप्या लोक दातदुखीवर उतारा म्हणून नेत. भक्ताच्या मनाला आकार लागतो. एक मूर्ती काढून घ्या, तो दुसरी घडवतो. यात जर्मन आणि मराठी असा भेद मला दिसला नाही.

भेद दिसला तो दुसरीकडे. आपण संतांकडे त्यांच्या जन्माच्या दाराने फारसे जात नाही. ज्ञानेश्वरांसाठी गर्दी होते ती आळंदीला, कार्तिक वद्य त्रयोदशीला. पैठणजवळचं त्यांचं आपेगाव त्या मानानं शांत. तुकोबांची बीज, एकनाथांची षष्ठी हे सगळे निरोपाचे दिवस. नामदेवांची तर पायरी आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायधुळीत. माणूस काय होता हे तो गेल्यावर कळतं, असा त्यामागचा रोकडा हिशोब असावा. जुन्या ख्रिस्ती परंपरेतही तेच: संताचा सण सहसा त्याच्या मृत्यूच्या तिथीला. ल्यूथरचा बाप्तिस्मा ११ नोव्हेंबरला झाला, तो टूर्सच्या संत मार्टिनचा दिवस, म्हणून मूल मार्टिन. आणि ११ नोव्हेंबर हा त्या संताच्या दफनाचा दिवस. एक दिवसाच्या बाळाला नाव मिळालं ते एका अंत्ययात्रेच्या तारखेवरून.

योगायोग असा की, ल्यूथर वारलाही याच गावात, १८ फेब्रुवारी १५४६ ला. मान्सफेल्डच्या सरदारांचं आपसातलं भांडण मिटवायला तो थंडीवाऱ्यात आला होता. त्याच्या मृत्यूचं घर म्हणूनही इथं संग्रहालय आहे. तेही चुकीच्या घरात! तो वारला ते घर बाजारचौकात होतं, पुढच्या काळात कुणाची तरी गफलत झाली. संग्रहालयवाले ही गोष्ट लपवत नाहीत. त्याच्या शवपेटीवर घातलेलं वस्त्र मात्र अस्सल आहे. मला ते प्रांजळपण भावलं. आपल्याकडे अशा घराबद्दल दोन तट पडले असते आणि एकानं कोर्टात धाव घेतली असती.

त्या घरात मात्र मन जन्मघरातल्यासारखं निवांत राहत नाही. कारण इथं सगळा माणूस समोर येतो. बायबल जनतेच्या जर्मन बोलीत आणणारा, आणि १५४३ मध्ये ज्यूंविरुद्ध अत्यंत विखारी पुस्तक लिहिणाराही. याच गावातल्या शेवटच्या प्रवचनांच्या वेळी त्यानं ज्यूंना हाकलण्याचा इशारा दिला. पुढे विसाव्या शतकात त्याच्या त्या लिखाणाचा कुणी कसा वापर केला, हे जगाला ठाऊक आहे. मला वाटतं, जन्मघरं आपल्याला आवडतात ती याचसाठी. पाळण्यातल्या बाळानं अजून काही लिहिलेलं नसतं, कुणाचं वाईट चिंतलेलं नसतं. तिथं हात जोडायला काही मोजावं लागत नाही.

एवढ्यावर मी निकाल देऊन मोकळी होणार होते, पण लेक मला सेंट पीटर-पॉल चर्चमध्ये घेऊन गेली. ल्यूथरचा बाप्तिस्मा झाला ते हे देऊळ. आता आतून नवं केलंय. मधोमध फरशीतच एक मोठं गोल कुंड आहे, काठ नाही, कठडा नाही. फरशी जिथं संपते तिथं पाणी सुरू होतं, आणि ते हलतं आहे हे वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही. जवळच जुन्या दगडी कुंडाचे अवशेष आहेत. ते 'अवशेष' आहेत हे लॅटिनमध्ये त्यांच्यावरच कोरलंय.

"आई, तुझ्या हिशोबात बाळानं काही केलेलं नाही म्हणून त्याला मान नाही. ल्यूथर नेमकं उलट म्हणायचा ना?" लेक म्हणाली.

खरंच होतं. तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देऊ नये, म्हणणाऱ्यांशी तो कडाडून भांडला. देवाची कृपा कर्तृत्व पाहून मिळत नाही, ती आधीच दिलेली असते, हा त्याच्या धर्मविचाराचा कणा. आणि हे पटवायला ज्यानं काहीच कमावलेलं नाही अशा बाळाहून चांगलं उदाहरण कुठलं? म्हणजे रिकाम्या पाळण्यासमोर वाकणारा प्रवासी, नकळत का होईना, शवपेटीपाशी उभ्या असणाऱ्यापेक्षा ल्यूथरच्या शिकवणीच्या जास्त जवळ असतो.

मला हे पुरतं पटलं का? नाही. कर्माचा हिशोब माझ्या हाडीमाशी भिनलेला आहे, आणि त्या १५४३ च्या पुस्तकाला मी कृपेच्या खात्यावर माफी देऊ शकत नाही. ती देण्याचा अधिकार माझा नाहीच. पण न कमावता मिळालेल्या गोष्टींची यादी केली तर माझी भाषा, माझी आई, मला शाळेत घालणारे वडील, सगळे त्यातच येतात. त्यांच्यापुढे हात जोडताना मी त्यांच्याकडे कर्तृत्वाचा दाखला कुठे मागते?

तेव्हा कुणी त्या बाजूला गेलात, तर दोन्ही घरं बघा. आधी मृत्यूचं, मग जन्माचं. उलट क्रमानं गेलात तर संध्याकाळी हातात राहील तो फक्त गुन्हेगार, आणि एकटं जन्मघरच पाहिलंत, तर फक्त देवमाणूस. ल्यूथर या दोन्हींपैकी कुणीच नव्हता.