परसातले गरम पाणी आणि उत्सर्गाचा प्रश्न

परसात हॉट टब बसवायचा तर आधी जमीन तयार करावी लागते. पाच-सहा माणसांच्या टबात साधारण दीड हजार लिटर पाणी मावते. पाणी, टबाचे स्वतःचे वजन आणि आत बसणारी माणसे धरली की भार दोन टनांच्या वर जातो. टब नुसता हिरवळीवर ठेवला तर जमीन एका अंगाने खचते, पाण्याची पातळी तिरकी होते आणि जोडांवर ताण येतो. म्हणून गवत आणि वरची भुसभुशीत माती काढतात, खडी अंथरून धुमसाने ठोकून घेतात आणि तिच्यावर निदान चार इंच जाडीचा काँक्रीटचा स्लॅब ओततात. अमेरिकेत ही परसातली चैन सर्वांत जास्त रुजली आहे. तिथे कुदळ मारण्याआधी ८११ या क्रमांकावर कळवावे लागते. मग काही दिवसांत माणसे येतात आणि गवतावर रंगाच्या रेघा मारून जातात. तांबडी रेघ विजेची, पिवळी गॅसची, निळी पिण्याच्या पाण्याची, हिरवी सांडपाण्याची आणि नारिंगी टेलिफोनच्या तारांची. वीज २४० व्होल्टची लागते आणि ती तोडण्याचे बटण टबापासून किमान पाच फूट दूर, पण नजरेच्या टप्प्यात असावे लागते.

धर्मशास्त्राच्या नजरेने पाहिले तर या कामात तीन वेगवेगळी कृत्ये आहेत: भूमी खणणे, पाणी साठवणे आणि साठवलेले पाणी आपल्यापुरते राखणे. भारतीय ग्रंथांनी तिन्हींचा विचार केला आहे. पहिल्या दोन कृत्यांना त्यांनी वाट काढून दिली. तिसऱ्याशी मात्र ते बराच काळ झगडत राहिले.

खणणे हा अपराध आहे, ही जाणीव फार जुनी आहे. अथर्ववेदाच्या बाराव्या कांडातील भूमिसूक्तात खणणारा पृथ्वीला सांगतो, की खणलेली जागा लवकर भरून यावी आणि कुदळीचा घाव तिच्या मर्मावर बसू नये. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, हा विचार कृतीत उतरलेला दिसतो. जागा पारखण्यासाठी हातभर खड्डा खणावा आणि तीच माती परत त्यात भरावी. माती उरली तर जागा चांगली, कमी पडली तर वाईट. मूर्तीसाठी झाड तोडायचे असेल तर आदल्या रात्री बली अर्पण करून त्यावर राहणाऱ्या जीवांना दुसरीकडे जाण्याची विनंती करावी, असेही तो सांगतो. कोकणात आणि गोव्यात आजही जागेच्या राखणदाराला नारळ दिल्याशिवाय पायाची कुदळ पडत नाही. जागा आधीच कोणाची तरी आहे आणि सातबाऱ्यावरचे नाव फार तर दुसऱ्या क्रमांकाचे आहे, हे त्यामागचे गृहीतक.

श्रमण परंपरांनी इथे माफीची सोय ठेवली नाही. बौद्ध विनयात भिक्षूने जमीन खणणे किंवा दुसऱ्याकडून खणवून घेणे हा प्रायश्चित्ताचा दोष आहे. जैन विचारात माती आणि पाणी ही जीवांची नुसती घरे नाहीत; पृथ्वीकाय आणि अप्काय हे स्वतःच जीव आहेत. गृहस्थाला खणणे पूर्णपणे टाळता येत नाही, हे जैन आचार्यांनाही मान्य होते. तरीही श्रावकाने टाळावयाच्या पंधरा धंद्यांच्या यादीत जमीन फोडण्याचा धंदा आहे आणि तळी-सरोवरे आटवण्याचाही आहे. याशिवाय अनर्थदंड नावाची एक कोटी आहे, म्हणजे कोणत्याही गरजेशिवाय केलेली हिंसा. विहीर खणताना किडामुंगी मरते आणि टबाचा स्लॅब ओततानाही मरते. विहिरीच्या बाबतीत तहान हे उत्तर देता येते. टबाच्या बाबतीत काय उत्तर द्यायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

वैदिक गृहस्थधर्माने या प्रश्नाला अधिक व्यवहारी वळण दिले. मनुस्मृतीने घरातली पाच हत्यास्थाने मोजली आहेत: चूल, जाते-पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. म्हणजे साधा घडा भरून ठेवला तरी हिंसा होतेच. उपाय घडा फोडण्याचा नाही. पाच महायज्ञ करण्याचा आहे, आणि त्यांत भूतांना बली व अतिथीला अन्न येते. दोष टळत नाही म्हणून तो देण्याने फेडायचा, हा या मांडणीचा गाभा. आजच्या भूमिपूजनात हा गाभा क्वचितच उरतो. नारळ फुटतो, फोटो निघतो आणि देणे कोणाला लागले होते हे कोणी विचारत नाही.

साठवलेल्या पाण्याचा विचार याहून कितीतरी खोल गेला आहे. धर्मशास्त्रात यज्ञादी कर्मांना इष्ट आणि विहिरी, तळी, बागा, अन्नछत्रे यांना पूर्त म्हणतात. पूर्तकर्माचे पुण्य मोठे मानले गेले, पण त्याला एक अट होती: जलाशय बांधून भागत नाही, त्याचा उत्सर्ग करावा लागतो. उत्सर्ग म्हणजे मालकाने आपला हक्क सोडून ते पाणी सर्व प्राणिमात्रांसाठी खुले करणे. मत्स्यपुराणात या विधीचे सविस्तर वर्णन आहे. सोन्याचे कासव आणि मगर, चांदीचा मासा आणि पाणसाप, तांब्याचा खेकडा आणि बेडूक, लोखंडाचा शिशुमार असे जलचर घडवून विधीत ठेवायचे आणि पाण्याला अर्पण करायचे. शिवाय गाय पाण्यात उतरवून पलीकडे न्यायची. माणसाच्या आधी पाण्यात कोण उतरते, हे पाहण्यासारखे आहे. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्टाने सतराव्या शतकात लिहिलेल्या भगवंतभास्कर या ग्रंथाच्या बारा मयूखांपैकी एक पूर्ण मयूख उत्सर्गालाच दिला आहे. त्याच ग्रंथातला व्यवहारमयूख पुढे मुंबई इलाख्याच्या कोर्टांत वारसाहक्कासाठी प्रमाण ठरला. उत्सर्गमयूखाची गरज मात्र कोणत्याही वकिलाला पडली नाही.

उत्सर्ग न केलेल्या पाण्याचे काय? मनु सांगतो, की दुसऱ्याच्या जलाशयात स्नान करू नये. केल्यास बांधणाऱ्याच्या पापाचा अंश स्नान करणाऱ्याला लागतो. याज्ञवल्क्य थोडी सवलत देतो: परक्याच्या पाण्यातून मातीचे पाच गोळे काढल्याशिवाय स्नान करू नये. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने ‘परके पाणी’ म्हणजे काय ते नेमके केले. जे सर्व प्राण्यांसाठी सोडून दिलेले नाही, ते परके. नियमाचा रोख इथे स्पष्ट होतो. खासगी पाण्यात उतरणाऱ्याने निदान गाळ काढून आपला वाटा उचलावा, असा त्याचा व्यवहारी अर्थ लावता येतो. ॲक्रिलिकच्या टबात गाळ नसतोच. पाहुण्याने फार तर फिल्टर धुऊन द्यावा.

यातून तर्काचा एक पेच निर्माण झाला. दानात देणारा आणि घेणारा असे दोघे असतात. वस्तूवरचा एकाचा हक्क संपतो आणि दुसऱ्याचा सुरू होतो. दान दिलेली गाय दात्याला पुन्हा पिळता येत नाही. उत्सर्गात ठरावीक घेणारा कोणीच नाही. मग तळे बांधणाऱ्याने आपल्याच तळ्यात आंघोळ केली तर त्याने दिलेले परत घेतले, असे होईल का? डॉ. पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या वादाचा आढावा घेतला आहे. बहुतेक ग्रंथकारांनी काढलेली वाट अशी: बांधणारा स्वतःही सर्व प्राण्यांपैकी एक आहे, म्हणून त्या नात्याने तो खुशाल उतरू शकतो. मालक म्हणून जे सुटले ते जीव म्हणून परत मिळते. हा निर्णय वरवर पळवाटेसारखा दिसतो, पण त्याने एक गोष्ट पक्की केली. आपण बांधलेल्या पाण्याचा उपभोग घेण्यात दोष नाही. तो इतरांना वगळून घेण्यात आहे.

हॉट टबला हे लागू करताना पहिला आक्षेप येतो तो आकाराचा. स्लॅबवर ठेवलेला टब हा जलाशय की मोठे भांडे? भांडे असेल तर उत्सर्गाचा प्रश्नच उद्भवत नाही. घरातला पिंप कोणी लोकार्पण करत नाही. ज्यू धर्मशास्त्राने हीच सीमा फार काटेकोरपणे आखली आहे. शुद्धिस्नानाचा मिकवे हा हौद जमिनीत किंवा इमारतीत पक्का बांधलेला असावा लागतो, त्यात पावसासारखे नैसर्गिकरीत्या आलेले पाणी ठरावीक मापाचे असावे लागते, आणि उचलून नेता येणाऱ्या पात्रातले पाणी कितीही असले तरी चालत नाही. त्या कसोटीवर परसातला तयार टब सहसा पात्रच ठरतो. हिंदू ग्रंथांत इतकी रेखीव कसोटी आढळत नाही. पण जमीन खणून पक्का बसवलेला आणि वर्षानुवर्षे जागेवरून न हलणारा टब पिंपापेक्षा हौदाच्या जवळ जातो, असे मानणे योग्य.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा आहे आणि तो जास्त वजनदार आहे. पाणी सर्वांसाठी उघडे ठेवले तर शेजारचे मूल त्यात पडू शकते. म्हणूनच अनेक ठिकाणच्या नियमांनुसार टबाला कुलूपबंद झाकण किंवा परसाला कुंपण सक्तीचे असते. पराशरस्मृतीत या प्रश्नाचे एक अनपेक्षित उत्तर सापडते. विहीर, तळे यांसारख्या धर्मासाठी खणलेल्या खड्ड्यात गाय पडून मेली तर खणणाऱ्याला प्रायश्चित्त नाही; घराच्या दारात किंवा आवारात आपल्या कामासाठी खणलेल्या खड्ड्यात मेली तर आहे. अपघात तोच, खड्डाही तसाच. जबाबदारी हेतूने बदलते. जो आपल्यापुरते खणतो त्याच्यावर इतरांच्या जिवाची राखण अधिक येते. आजचा कायदा हेतू विचारत नाही, पण परसातल्या पाण्याच्या मालकावर कुलपाची जबाबदारी तोही टाकतो. असे कुलूप वगळण्यासाठी नसून वाचवण्यासाठी असते, म्हणून त्याला उत्सर्गाच्या विरुद्ध धरता येत नाही.

महाराष्ट्राच्या इतिहासाने मात्र उत्सर्गाच्या सिद्धान्तातले भगदाड उघडे पाडले. सर्व प्राण्यांना खुले असलेल्या पाण्यावर जनावरे पीत होती, काही माणसांना बंदी होती. महाडचे चवदार तळे १९२४ साली नगरपालिकेने ठराव करून सर्वांना खुले केले, तरी ते प्रत्यक्षात बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी तिथे पाणी प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले आणि कोर्टात दावा लावला. त्यातला एक मुद्दा असा, की तळे स्पृश्यांच्या खासगी मालकीचे आहे. ज्या परंपरेने खासगी पाण्यात दोष पाहिला तिच्याच अभिमान्यांनी अडचणीच्या वेळी खासगीपणाचा आधार घेतला. मुंबई हायकोर्टाने १९३७ साली निकाल आंबेडकरांच्या बाजूने दिला. परक्या पाण्यातल्या स्नानाचा नियम शोधताना ज्या मनुस्मृतीचा हवाला द्यावा लागतो तिचे महाडलाच २५ डिसेंबर १९२७ रोजी दहन झाले, हेही विसरून चालणार नाही.

याच्या उलट टोकाला जोतीराव फुले यांचा हौद आहे. तो घरचा होता आणि घरच्यांसाठी होता. १८६८ साली जोतीरावांनी पुण्यातल्या आपल्या घराचा हा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. त्याला ना सोन्याचे कासव लागले, ना चांदीचा मासा. विज्ञानेश्वराची व्याख्या लावली तर चवदार तळे त्या काळात परके पाणी ठरते आणि फुल्यांचा हौद उत्सर्ग झालेले. विधी झाला की नाही यापेक्षा पाण्यावर कोणाला जाता येते हे पाहिले, तरच ती व्याख्या टिकते.

उरतो सुखाचा प्रश्न. गरम पाण्यात निवांत बसणे हा भोग आहे आणि भोग दोषास्पद आहे, असा सूर साधनामार्गी ग्रंथांत आढळतो. पण स्नानाच्या सुखाला परंपरेने सरसकट नाकारलेले नाही. वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडे, संगमेश्वराजवळचे तुरळ, राजवाडी आणि आरवली, दापोलीकडचे उन्हवरे इथल्या उन्हाळ्यांवर लोक देवाच्या निमित्ताने जातात आणि गुडघेदुखीसाठी तासभर पाय सोडून बसतात. आधुनिक टबाचा उगमही व्याधीशी जोडलेला आहे. कॅलिफोर्नियातल्या जकुझी कुटुंबाने पाण्यात बुडवायचा पंप १९४० च्या दशकाच्या अखेरीस घडवला तो घरातल्या संधिवाताने आजारी मुलासाठी. त्या मुलाच्या टबाला कोणताही जैन आचार्य अनर्थदंड म्हणणार नाही. दमून आलेल्या माणसाच्या टबाला म्हणेल का, याचे उत्तर इतके सोपे नाही. थकवा ही गरज आहे. पण कोणी उतरो न उतरो, चोवीस तास चाळीस अंशांच्या आसपास तापत ठेवलेले दीड हजार लिटर पाणी ही वेगळी गोष्ट आहे. अनर्थदंडाचा नियम कसोशीने लावायचा तर तो बसण्यापेक्षा या तापत राहण्याला लागतो, आणि झाकण व टायमर नीट वापरले तर त्यातला बराच भाग टळतो.

दर तीन-चार महिन्यांनी टबाचे पाणी बदलावे लागते आणि जागा निवडतानाच या पाण्याची वाट ठरवावी लागते. क्लोरीन किंवा ब्रोमीन मिसळलेले पाणी रस्त्याच्या गटारात सोडले तर पुष्कळ ठिकाणी ते प्रक्रिया न होता थेट ओढ्यात जाते आणि मासे मरतात, म्हणून अनेक शहरांत तसे सोडायला मनाई आहे. औषध घालणे थांबवून झाकण काही दिवस उघडे ठेवले की क्लोरीन उडून जाते. मग ते पाणी निवल्यावर हिरवळीला आणि झाडांना देता येते. मिठाच्या यंत्रणेवर चालणाऱ्या टबाचे पाणी मात्र झाडांना सोसत नाही. ते सांडपाण्याच्या नळातच सोडावे लागते. उत्सर्गाची भाषा वापरायची तर खासगी टबाचे इतर जीवांपर्यंत पोहोचणारे पाणी एवढेच, आणि त्याची सोय स्लॅब ओतण्याआधी, उताराची दिशा ठरवतानाच करावी लागते.