म्हणे, करण्यासारखं काही उरलं नाही!

पुन्हा म्हण ते वाक्य. माझ्या तोंडावर म्हण. ‘गुरुजी, टाटा हॉस्पिटलने हात वर केले, आता बाबांसाठी करण्यासारखं काही उरलं नाही.’

कोणी वर केले हात? फाइल उघड. ‘बेस्ट सपोर्टिव्ह केअर’ लिहिलंय, आणि त्याच्याच खाली पॅलिएटिव्ह मेडिसिन विभागात दाखवा असंही लिहिलंय. गाठीवरचा उपचार थांबला. माणसावरचा थांबवा असं कोणी सांगितलं तुला? गेलास त्या विभागात? नाही. फाइल गादीखाली सारलीस आणि कारखान्यात येऊन बसलास.

तू ढ असतास तर मी एक अक्षर बोललो नसतो. हमरापुरात बसून मूर्तींची परदेशची ऑर्डर घेतोस. न्हावाशेव्याचे कागद तुला तोंडपाठ. पीओपीबद्दल कोर्टात काय झालं ते तुला त्याच दिवशी कळतं. आणि बापाचं दुखणं कमी कसं करायचं, हे विचारायला तुला वाट सापडत नाही? मूर्तीच्या करंगळीला केसाएवढी चीर गेली तर रात्री उठून भरतोस. बापाच्या माकडहाडावर जखम झाली, ती बायकोने दाखवेपर्यंत तुला माहीत नव्हती.

‘सीझन आहे, गुरुजी.’ सीझन दरवर्षी असतो. हे तुला त्यानेच शिकवलं. आखणीचा ब्रश तुझ्या हातात कोणी दिला?

आता दुखण्याचं बोलू. तो ओरडत नाही, म्हणून दुखत नाही असं तू ठरवून टाकलंस. गालाचा कॅन्सर हाडापर्यंत गेलेला माणूस ओरडणार कसा? तोंड उघडत नाही त्याचं! रात्रभर भिंतीला टेकून बसतो, ते काय हौस म्हणून? डॉक्टरांनी मॉर्फिन सुचवलं तेव्हा तू काय म्हणालास? ‘अफूच ना ती? सवय लागली तर?’ सवय! एवढी फिकीर त्याने चाळीस वर्षं तंबाखू मळली तेव्हा कुठे होती? वेदनेवर, डॉक्टरच्या हिशेबाने दिलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागणं फार क्वचित. ‘लवकर जाईल’ हीसुद्धा ओट्यावरची गप. थोड्यापासून सुरू करून बेताबेताने वाढवलेलं मॉर्फिन माणसाला मारत नाही. त्याला झोपू देतं. पहिले दोन दिवस गुंगीत दिसला तर घाबरून गोळी बंद करू नकोस. किती रात्रींची झोप साचलीय त्याची, याचा हिशेब केलास कधी? पण उठवूनही उठेना, श्वास फार संथ झाला, तर मात्र पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरला फोन.

आणि नीट ऐक, कारण तू अर्धं ऐकून पळतोस. मॉर्फिनची साधी गोळी असते ती चार-चार तासांनी, घड्याळ बघून. मागेल तेव्हा देऊ, असं नाही. मागेपर्यंत वेदना चढलेली असते, मग तीच गोळी अपुरी पडते. पोट साफ होत नाही, म्हणून त्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत. मनाला येईल तेव्हा वाढवायची नाही, मनाला येईल तेव्हा तोडायची नाही. वही घाल. कारखान्याच्या उधारीची वही ठेवतोस ना? तशीच ठेव.

1986 साली जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेसाठी पायऱ्या घालून दिल्या. आधी साधी वेदनाशामकं, मग मधली, मग मॉर्फिन. तू अजून मेडिकलमधल्या पॅरासिटामॉलवर आहेस. त्याच 1986 साली वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू झालं, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या वाटेवरच्या रुग्णांना सांभाळणारं घर. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केंद्र 1997 पासून आहे. तिथे घरच्या माणसालाही रुग्णासोबत ठेवून घेतात आणि शिकवतात. दोन्हीकडे पैसे घेत नाहीत. म्हणजे ‘परवडत नाही’ हे कारणही गेलं. आता पुढचं कोणतं काढतोस?

‘मॉर्फिन मिळत नाही.’ कोपऱ्यावर मिळत नाही, हे खरं. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्याने ते दवाखान्यांतूनही हद्दपार झाल्यासारखं झालं होतं. वेदनेने तळमळणाऱ्यांच्या बाजूने डॉक्टरांनी वर्षानुवर्षं भांडण केलं, तेव्हा 2014 मध्ये कायदा सुधारला. आपल्याच देशात, मध्य प्रदेश-राजस्थानात, सरकारी परवान्याने अफू पिकते आणि औषधांसाठी परदेशीही जाते. मान्यता असलेल्या रुग्णालयात मॉर्फिन मिळतं. तुझी फाइल तशाच रुग्णालयाची आहे. लोकांनी तुझ्यासाठी कायदा बदलून आणला, आणि तुला परळला जायचा कंटाळा?

जखमेला वास येतो म्हणून नातवंडं खोलीत फिरकत नाहीत. त्यावर उपाय आहे. मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची पूड जखमेवर कशी टाकायची ते नर्स दाखवते. उदबत्त्या लावून काय होणार? कूस दर दोन तासांनी बदलायची. घास उतरत नसेल तर भरवणाऱ्या आत्याला चमचा खाली ठेवायला सांग. ठसका लागून घास छातीत जातो. शेवटाकडे भूक आधी मिटते. तुम्ही त्याला उपाशी मारत नाही आहात. पाहुणे म्हणतात म्हणून सलाइनही चढवू नकोस. त्या वेळी ते पाणी अंगात साचू शकतं, छातीत घरघरू शकतं.

आणि ते नाटक बंद कर. ‘बाबांना सांगितलेलं नाही.’ त्याला कळत नाही होय? तुम्ही पडवीत कुजबुजता, तो आत डोळे मिटून ऐकतो. तुम्ही त्याला फसवत नाही, एकटं पाडताय. सिसली सॉंडर्स या बाईंनी 1967 मध्ये लंडनला आधुनिक हॉस्पिस उभं केलं. दुखणं नुसतं अंगाचं नसतं, मनाचं, नात्यांचं, पैशाचं, देवाशी राहिलेल्या हिशेबाचंही असतं, असं त्या सांगत. तुझ्या बापाचं काय राहिलंय? कोणाचे पैसे द्यायचेत? अलिबागच्या भावाशी अबोला आहे, तो मिटवायचाय का? विचारलंस? शेवटी आयसीयूत नळ्या हव्यात की घरची खाट, हे विचारलंस? 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाला ते आधी लिहून ठेवायची मुभा दिली, 2023 मध्ये त्याची रीतही सोपी केली. तू मात्र त्याच्याशी फक्त हवापाण्याचं बोलतोस. का? कारण त्याच्या डोळ्यांत बघायची तुला भीती वाटते. भीती वाटणं गुन्हा नाही. तिला ‘काही उरलं नाही’ म्हणणं, हा खोटेपणा आहे.

आणि तुझी बायको. रात्री ती जागते, दिवसा रंगकामाला बसते. तिची पाठ दुखते हे शेजारणीला माहीत आहे.

आता गावाला सांगतो, कारण तुम्ही सगळे दारात उभे राहून ऐकताय. 1993 मध्ये कोझिकोडला दोन-चार डॉक्टरांनी वेदनाशमनाचं हे काम धरलं. पुढे शिक्षक, रिक्षावाले, कॉलेजची पोरं शिकली, आठवड्यातले थोडे तास देऊ लागली. 2008 मध्ये केरळ सरकारला धोरण करावं लागलं. हमरापूर, जोहे, कळवे, एवढ्या पट्ट्यात कारखान्यांमागे कारखाने. मंडळाच्या वर्गणीला वीस पोरं फिरतात. कूस बदलायला, तोंड पुसायला, फाइल घेऊन परळला जायला पाच सापडत नाहीत? आशाताईला विचारा. आरोग्यवर्धिनी केंद्राच्या, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिराच्या, कामात ही सेवा सरकारनेच घातली आहे. मागितलीत कधी? रस्ता मागता, वीज मागता. हे का नाही मागितलंत?

चल, ऊठ. सकाळची दिव्याकडची मेमू धर, पनवेलला लोकल पकड. फाइल घे, चालू गोळ्यांची पाकिटं घे, जखमेचा फोटो घे. रात्री किती वेळा उठतो, काय गिळतो, कुठे दुखतं, ते कागदावर लिहून घे. तिथे पाचच मिनिटं मिळतील, तू गोंधळशील. इथला फोन माझ्याकडे ठेव, ऑर्डरवाल्यांना मी उत्तर देतो. आणि परत आलास की रात्रीची पाळी तुझी. बायकोला झोपू दे.