रात्रपाळीचा अधिकार

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर चढलं. ताशी ११० ते १२० किलोमीटरचा वारा, त्यात कोरोनाची टाळेबंदी. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, कौलं उडाली, विजेचे खांब कोसळले, मोबाइलचे मनोरे बंद पडले. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन तालुक्यांतल्या कित्येक गावांत वीज परत यायला आठवडे लागले. पंचनामे घरांचे झाले, बागांचे झाले, होड्यांचे झाले. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांना त्या दिवसांत कुणी आणि कसं सांभाळलं, याचा पंचनामा करायची आपल्याकडे पद्धतच नाही.

त्या दिवसाबद्दल मला एक प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. फोन बंद असताना निर्णय कोण घेतं? रायगडच्या किनाऱ्यावरचे वृद्धाश्रम आणि शुश्रूषा केंद्रं पाहिली, तर अनेकांची जमीन इथली, मावश्या आणि ब्रदर इथले, पण विश्वस्त मुंबईचे असतात. ऑक्सिजनचं सिलिंडर मागवायचं, आजोबांना पनवेलला हलवायचं, जनरेटरला जास्तीचं डिझेल घ्यायचं, तर मुंबईला फोन जातो. होकार आला की काम होतं. एरवी ही पद्धत चालून जाते, आणि चालते म्हणूनच तिच्यातला धोका कुणाच्या लक्षात येत नाही.

वृद्धांच्या निवासी केंद्राचा कारभार म्हटला की आपण इमारत, देणग्या, जेवणाचा दर्जा आणि सेवाभाव यांबद्दल बोलतो. सेवाभाव हवाच. पनवेलजवळ नेऱ्याची शांतिवन ही संस्था त्याच बळावर उभी राहिली आणि त्यामागच्या माणसांपुढे मान लवते. पण सेवाभाव एका माणसात असतो आणि म्हातारपण चोवीस तास चालतं. रात्री दोन वाजता जी मावशी जागी आहे, तिला काय दिसतं, दिसलेलं ती कुणाला सांगू शकते आणि विचारल्याशिवाय काय करू शकते, यावर केंद्राचं नेतृत्व जोखावं, असं माझं मत आहे. व्यवस्थापक स्वतः किती कष्टाळू आहे, हे त्यानंतरचं.

रायगडच्या किनाऱ्यावर हा प्रश्न जास्त टोकदार होतो, कारण इथे अंतरं फसवी आहेत. मांडव्याहून मुंबई समोर दिसते. पण पावसाळ्यात गेटवेच्या लाँचेस बंद असतात आणि मार्च २०२० पासून धावणारी रो-रो बोटही समुद्र खवळला की थांबते. मग उरतो रस्ता, आणि शनिवार-रविवारी वडखळपर्यंतची कोंडी ज्याने अनुभवली आहे त्याला रुग्णवाहिकेत बसलेल्या नातेवाइकाचे हाल सांगायला नकोत. मुरूडच्या पुढे तर जिल्हा रुग्णालयाचं अलिबागसुद्धा लांब पडतं. त्यामुळे इथल्या केंद्राला आजार लवकर ओळखावाच लागतो.

आणि म्हातारपणी आजार लपून येतो. तरुणाला न्यूमोनिया झाला तर ताप चढतो, छातीत दुखतं. ऐंशीच्या आजीला ताप येतोच असं नाही. ती सकाळची पेज अर्धी टाकते, नेहमी नावाने हाक मारते ती मारत नाही, बसल्या जागी पेंगते. लघवीत जंतू झाले तरी पहिली खूण कित्येकदा एवढीच, की आजी अचानक भलतंसलतं बोलायला लागते. डॉक्टर आठवड्यातून एकदा येणार. हे दिसतं मावशीला.

मी पाहिलेल्या एका केंद्रात ड्युटी बदलताना भरायची वही होती. पानामागून पान एकाच शब्दाचं: नॉर्मल. सकाळ नॉर्मल, दुपार नॉर्मल, रात्र नॉर्मल. ज्यांच्या कमरेवर तळहाताएवढी जखम झाली होती, त्या आजींच्या नावापुढेही जखम उघडी पडायच्या आदल्या दिवसापर्यंत तेच. यात मावशींचा आळस नव्हता. त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. नवीन आलेल्या सिस्टरने वही बदलली. किती खाल्लं, किती प्यायलं, कुशीवर कधी वळवलं, पाठ आणि टाचा पाहिल्या का, आणि शेवटी एक रिकामा रकाना: आज काय वेगळं वाटलं? पहिले काही दिवस तो रकाना कोराच राहिला. मग एका मावशीने लिहिलं, ‘आजी आज बरोबर बोलत नाय.’ सिस्टरने त्याच पाळीत रक्तदाब आणि साखर तपासली. साखर खूप उतरली होती. त्यानंतर तो रकाना कोरा राहिला नाही, कारण लिहिलेलं वाचलं जातं हे सगळ्यांना कळलं.

नोंदीची ताकद या जिल्ह्याला नवी नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचू चावलेली मुलं डोळ्यांदेखत दगावत होती. ते रुग्णाच्या उशाशी रात्र-रात्र बसले, नाडी, रक्तदाब, श्वास, घाम यांच्या नोंदी ठेवत गेले. त्यातून हृदय आणि फुप्फुसांवर विषाचा परिणाम कसा होतो ते उलगडलं आणि प्राझोसिन या औषधाचा उपचार उभा राहिला. शंभरात तीस-चाळीस असणारे मृत्यू एकाच्या आसपास आले. ‘लॅन्सेट’ने त्यांचं काम छापलं. मोठी यंत्रं नसलेल्या जागी नीट पाहणं आणि लिहून ठेवणं किती दूर नेऊ शकतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पण नोंद पुरत नाही, तिच्यामागे अधिकार लागतो. अमेरिकेतल्या फ्लोरिडात सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा वादळ गेल्यावर हॉलिवूड नावाच्या शहरातल्या एका शुश्रूषागृहाचं वातानुकूलन बंद पडलं. इमारतीत बाकी वीज होती. कर्मचाऱ्यांनी वीज कंपनीला, सरकारी कार्यालयांना फोन केले आणि वाट पाहिली. खोल्या तापत गेल्या. त्या प्रकरणात १२ वृद्धांचे मृत्यू झाले, आणि रस्त्यापलीकडेच वीज असलेलं मोठं रुग्णालय होतं. पंख्याखाली घामाघूम झालेली माणसं सगळ्यांना दिसत होती, तरी ‘आता यांना उचला आणि पलीकडे न्या’ हे वेळेत म्हटलं गेलं नाही. पुढच्या वर्षी त्या राज्याने शुश्रूषागृहांना चार दिवस पुरेल एवढी पर्यायी वीज आणि सुमारे २७ अंशांपर्यंतच तापमान ठेवणं कायद्याने बंधनकारक केलं. जनरेटर विकत घेता येतो. उचलायचा हुकूम कुणी द्यायचा, हे मात्र आधी कागदावर ठरवून ठेवावं लागतं, आणि ते नाव जागेवर हजर असणाऱ्या माणसाचंच हवं.

आपल्याकडचा कायदा इथपर्यंत पोहोचलेला नाही. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रमाची कल्पना आहे, सुविधांचा दर्जा ठरवायची तरतूद आहे. तो चालवणाऱ्याने काय शिकलेलं असावं, याबद्दल कायदा बोलत नाही. अमेरिकेत शुश्रूषागृहाच्या प्रशासकाला राज्याचा परवाना लागतो, आणि ही अट १९६७च्या कायदादुरुस्तीतून आली. आपल्याकडे गरज तर वाढतेच आहे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची ९.९ टक्के लोकसंख्या साठीच्या पुढची होती. तेव्हाचे साठीतले आता पंच्याहत्तरीत आले आहेत.

एका गोष्टीबद्दल मला फार वाईट वाटतं. नाकातली नळी उपसतात म्हणून रात्री आजोबांचे हात पलंगाला बांधले जातात. बहुतेक ठिकाणी यात क्रूरपणा नसतो. एक मावशी आणि वीस पलंग, एवढंच कारण असतं. अमेरिकेच्या १९८७च्या कायद्याने शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी असं बांधायला मनाई केली. चांगला व्यवस्थापक इथे आधी विचारतो की माणूस नळी का उपसतोय. चिकटपट्टीखाली खाज आहे का, मूत्राशय भरलंय का, अंधारात भीती वाटते का, आणि मुळात ती नळी अजून हवीच आहे का. मग तो रात्रपाळीला आणखी एक माणूस देतो. बांधलेले हात हा पुष्कळदा माणसांच्या वाटपाचा प्रश्न असतो, आणि वाटप हे कार्यालयात बसलेल्याचं काम आहे.

माणसांच्या वाटपाची खरी परीक्षा कोकणात गौरी-गणपतीला आणि शिमग्याला होते. सगळ्यांनाच घरी जायचं असतं आणि त्यांनी जावंही. भाद्रपद उजाडल्यावर रजेचे अर्ज हातात घेऊन कपाळाला हात लावणारा व्यवस्थापक आषाढात काय करत होता, हा माझा सवाल आहे. श्रीवर्धन-म्हसळ्याकडे कोकणी मुसलमान कुटुंबांतल्या बायका याच कामात आहेत. ‘ईदला तू जा, गणपतीत मी’ अशी समजूत त्या आपसांत किती सहज करतात. पण ती पाळीच्या तक्त्यात उतरली पाहिजे, नाहीतर जी भिडस्त तिच्यावरच दर वर्षी काम पडतं.

नातेवाइकांशी बोलणं हेही नेतृत्वाचंच काम आहे, आणि ते बहुतेक ठिकाणी टाळलं जातं. मुलगा पुण्यात किंवा न्यू जर्सीत, आई नागावात. ‘सगळं छान आहे’ हे वाक्य दर रविवारी फोनवर जातं. मग एका रात्री एकदम ‘लगेच या.’ मधल्या सहा महिन्यांत आई उतरत होती, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. प्रवेशाच्या वेळीच आणि नंतर दर काही महिन्यांनी बसून बोलायला हवं की प्रकृती ढासळली तर पनवेल-मुंबईच्या अतिदक्षता विभागात न्यायचं की इथेच वेदना कमी ठेवून सांभाळायचं. आईला बोलता येत असेल तर पहिलं मत तिचं. हे लिहून, सही घेऊन पलंगाजवळच्या फायलीत ठेवलं, तर रात्री दोन वाजता मावशीला अंदाज करावा लागत नाही.

हे सगळं शिकवता येतं. अलिबागला २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याला जोडून जिल्हा रुग्णालय आहे. वृद्धांच्या केंद्रांतल्या कर्मचाऱ्यांसाठी तिथे आठवड्यातून एक दिवस वर्ग भरवायला नवी इमारत लागत नाही. कुशीवर वळवणं, गिळताना ठसका लागणाऱ्याला भरवणं, साखर तपासणं, नोंद लिहिणं हे मावश्यांनी शिकावं आणि पाळ्यांचं नियोजन, औषधांचा साठा, वादळाची तयारी, कठीण बातमी सांगणं हे व्यवस्थापकांनी. वर्गाच्या दिवसाचा पगार कापला जाऊ नये आणि शिकून आल्यावर तो वाढावा. देणगीदारांच्या नावाच्या संगमरवरी पाट्यांना जो पैसा लागतो, त्यातला थोडा विश्वस्तांनी या पगारवाढीकडे वळवावा आणि पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय पहिला घ्यावा.