शंका घेणाऱ्याची कबर

चेन्नईच्या सांथोम चर्चमध्ये संत थोमाची कबर आहे. येशूचा हा शिष्य इ. स. ७२ मध्ये याच शहरात मारला गेला, अशी परंपरा सांगते. आजची पांढरी, उंच मनोऱ्याची इमारत १८९६ची.

थोमा ओळखला जातो तो शंकेसाठी. येशू उठला, हे सोबत्यांनी सांगूनही त्याला पटेना. जखमांना हात लावल्याशिवाय मानणार नाही, म्हणाला. येशूने त्याला झिडकारले नाही; जखमाच पुढे केल्या. म्हणजे मरणावर मात केलेल्या देहावरही खिळ्यांच्या खुणा राहिल्या होत्या.

चर्चमागे समुद्र आहे, कोळ्यांची वस्ती आहे. २६ डिसेंबर २००४ला, नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, याच किनाऱ्यावर त्सुनामी आली. ज्याचे माणूस गेले, त्याला ‘देवाची इच्छा’ म्हणून गप्प करणे सोपे असते. थोमाची गोष्ट तसे करू देत नाही. आजारपण, कर्ज, घरातले मरण यांच्यासकट आणि प्रश्नांसकट माणसाला इथे येता येते. जखम पुसली जाईल, असे ख्रिस्ती आशा म्हणत नाही. जखमेपाशी शेवट होत नाही, एवढेच ती म्हणते. रोजचा दिवस काढायला तेवढे पुरते.