आधी कोणी बोलावे?



गेल्या पंधरवड्यात शिवानुभवानंतर एक शिक्षिका भेटावयास थांबल्या. प्राथमिक शाळेत शिकवतात. म्हणाल्या, "स्वामीजी, हल्ली आम्हांला मुलांना आनंदी राहणे, नाती जपणे, राग आवरणे हेही शिकवायला सांगतात. पाढे शिकवता येतात. मन कसे शिकवावे?"

प्रश्न त्या एकट्यांचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकातच शाळांसाठी दहा जीवनकौशल्ये सांगितली. त्यांत आत्मभान आहे, समानुभूती आहे, भावना व ताण सांभाळणे आहे. आपल्या शेजारच्या महाराष्ट्रात २००९ साली बीड जिल्ह्यातील प्राथमिक शाळांत 'मूल्यवर्धन' सुरू झाले. दिल्लीच्या सरकारी शाळांत जुलै २०१८ मध्ये आनंदाचा अभ्यासक्रम आला. त्यात काही क्षण शांत बसणे, गोष्ट, कृती, मग बोलणे असे होते आणि परीक्षा नव्हती. परीक्षा नाही हे फार चांगले केले असे आम्हांला वाटते. करुणेत पस्तीस गुण मिळवून उत्तीर्ण झालेला मुलगा आम्हांला पाहावयाचा नाही.

तथापि त्या भगिनींना उत्तर देण्यापूर्वी आमच्या हातून घडलेली एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. ती त्यांना सांगितली, आपणांसही सांगतो.

दहा-बारा वर्षांपूर्वी पावसाळ्यात मठाच्या वसतिगृहातील इयत्ता चौथीच्या एका मुलाच्या ट्रंकेत फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी सापडल्या. दासोहाच्या घरात अन्न चोरावे लागते म्हणजे काय, या विचाराने आम्ही संतापलो. सकाळच्या प्रार्थनेत सर्वांसमोर त्याला उभे केले, चोरी या विषयावर बरेच बोललो आणि महात्मा बसवेश्वरांचे सात निषेधांचे वचन म्हणावयास लावले. ते वचन आपल्या घरांत मूल बोलू लागले की शिकवतात. त्याने ते एकही चूक न करता म्हटले. डोळ्यांत पाणी नाही, आवाजात कंप नाही. खरे सांगतो, आम्हांला त्याच्या उच्चारांचे कौतुक वाटले.

दुपारी स्वयंपाकघरातील वृद्ध मावशी आल्या. पहिलीतला एक लहानगा नुकताच दाखल झाला होता. घरी उपाशी झोपण्याची वेळ वारंवार आलेली. त्यामुळे रात्री दचकून उठे आणि उशाशी खायला काही आहे हे हाताने चाचपल्यावाचून त्याला झोप येत नसे. हा चौथीतला मुलगा पंगतीत स्वतःच्या वाट्यातील एक भाकरी न खाता त्याच्यासाठी ठेवी. मावशींना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. आम्ही विचारले नव्हते, म्हणून त्या बोलल्या नव्हत्या.

आता ते वचन आमच्यापुढे उभे राहिले. त्यातील सातांपैकी एकही गोष्ट त्या मुलाने मोडली नव्हती. आम्ही मात्र क्रोध केला, दुसऱ्याची निंदा केली आणि जो चोर नव्हता त्याला चोर म्हटले, म्हणजे असत्यही बोललो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यातील सतराव्या कलमाने शाळेत मुलाला मारण्यासच नव्हे, तर त्याचा मानसिक छळ करण्यासही मनाई केली आहे. आम्ही छडी उचलली नव्हती, एवढ्यावरून स्वतःला निर्दोष समजत होतो.

मुलाला खोलीत बोलावून, पाठीवरून हात फिरवून, दोन केळी द्यावीत असे आम्ही ठरवले. मावशी दारातच होत्या. म्हणाल्या, "अप्पाजी, सगळ्यांदेखत दुखवलं आणि खोलीत पुसणार व्हय?"

संस्कृत पाठशाळेत आम्ही बरीच वर्षे काढली, न्यायशास्त्राची पानेच्या पाने पाठ केली. या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेत सर्वांसमोर आम्ही सांगितले, "काल मी चुकलो. न विचारता रागावलो. याने चोरी केली नव्हती." लहानग्याचे नाव मात्र घेतले नाही. एका ज्येष्ठ भक्तांना हे रुचले नाही. अष्टावरणांत गुरूचे स्थान पहिले. गुरूनेच पोराची क्षमा मागितली तर धाक राहील काय, असे ते म्हणाले. त्यांचा हेतू शुद्ध होता, म्हणून नीट विचार केला पाहिजे.

बसवण्णांची वचने वाचताना एक गोष्ट सहज लक्षात येते. ज्या पुरुषाकडे राज्याचे मंत्रिपद होते, ज्याच्या दारी शरणांची रीघ होती, तो स्वतःच्याच मनाची तक्रार कूडलसंगमदेवापुढे उघडपणे मांडतो. मन आवरत नाही, भक्ती अपुरी पडते, हे तो लपवीत नाही. शून्यसंपादनेत सोन्नलगीच्या, म्हणजे आजच्या सोलापूरच्या, सिद्धरामेश्वरांचा प्रसंग आहे. तळ्याचे काम चालू असता अल्लमप्रभू त्यांना 'वड्डर' म्हणून डिवचतात. कामावरचे लोक दगड उचलतात, सिद्धरामांचाही कोप अनावर होतो. एवढ्या मोठ्या शिवयोग्याचा राग ग्रंथाने झाकून ठेवलेला नाही. पुढे तेच सिद्धराम प्रभूंबरोबर कल्याणला अनुभवमंटपात गेले. आपल्या परंपरेत मोठ्यांनी आपले अंतरंग आधी उघडे केले आहे. शिकवण त्यातून आली. आपण वचन मुलाच्या तोंडी देतो, पण ते म्हणणाऱ्याने स्वतःकडे पाहून म्हटले होते, हे विसरतो.

म्हणून त्या शिक्षिकेला आम्ही म्हणालो, रागाला नाव द्यायला मुलाला शिकवा, पण "आज घरून त्रासून आले, तुझ्यावर उगाच ओरडले," हे वाक्य त्याने तुमच्या तोंडून एकदा तरी ऐकू द्या. येथे मर्यादा पाळावी लागते. मोठ्यांची सारी दुःखे मुलांपुढे ओतावयाची नाहीत. कोवळ्या खांद्यावर ते ओझे नको. त्या मुलाशी जे चुकले तेवढेच कबूल करावे.

आणखी एक भीती आम्हांला वाटते. शांत बसण्याचे शिक्षण मुलाला गप्प बसवण्याचे साधन होऊ शकते. त्या दिवशी तो न रडता, न चुकता वचन म्हणाला, त्याला आम्ही संयम समजलो. तो संयम नव्हता. सांगून उपयोग नाही, हे त्याला कळून चुकले होते. पहिलीतल्या त्या पोराला श्वासावर लक्ष ठेवण्यास शिकवले असते तर कदाचित तो निमूट पडून राहिला असता, पण त्याची भूक तेथेच राहिली असती. मूल अस्वस्थ असेल तर कधी त्याचे मन बदलावे लागते, कधी आपली व्यवस्था. कोणते केव्हा, हे त्याला विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारणाऱ्याची भीती वाटत असेल तर ते सांगत नाही.

क्षमा मागितल्यानंतर लगेच काही घडले नाही. मुलगा नजर चुकवीत राहिला. आठ-दहा दिवसांनी विभूती लावून घ्यावयास आला तेव्हा हळूच म्हणाला, "अप्पाजी, मला तुमचा लई राग आला होता." आम्ही विचारले, "अजून आहे?" त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "थोडा."

तेव्हापासून रात्री स्वयंपाकघराच्या दाराशी एका टोपलीत चार भाकरी झाकून ठेवतो. किती उरल्या, हे सकाळी कोणी मोजत नाही.