मृत शिपायाचे छायाचित्र

अमेरिकेत 1861 ते 1865 ह्या काळात झालेल्या यादवी युद्धाशी आपल्या पाटसचा काय संबंध, असे कोणी विचारील. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईत कापसाचे भाव कडाडले. पाटसवरून जाणारा लोहमार्ग 1860 साली सोलापूरपर्यंत पोहोचला होताच. तिकडे माणसे मरत होती, इकडे पेढ्या भरत होत्या. आणि 1865 साली तेथे शांतता झाली तेव्हा मुंबईत दिवाळी निघाली! त्या युद्धातील मृतांकडे पाहताना आपण अगदीच परके नाही.

ते मृत आपल्याला दिसतात ते छायाचित्रांतून. त्या काळी चित्र उमटण्यास काही सेकंद लागत. धावता घोडा टिपता येत नसे. म्हणून लढाईची चित्रे नाहीत, आहेत ती छावणीची आणि प्रेतांची. तंबूपुढे पत्ते घेऊन बसलेला शिपाई आपखुशीने निश्चल राहिला. मृताला मात्र कोणी विचारले नाही.

1863 सालच्या जुलैत गेटिसबर्ग येथे अलेक्झांडर गार्डनर ह्याने दगडांच्या आडोशाला पडलेल्या एका तरुणाचे चित्र घेतले. शेजारी बंदूक टेकवलेली आहे. 1866 साली काढलेल्या आपल्या ग्रंथात त्याने ह्या तरुणास बंडखोर पक्षाचा नेमबाज म्हटले आणि त्याच्या अखेरच्या क्षणांची करुण कथाही रचली. पुढे 1975 साली विल्यम फ्रासानिटो ह्या अभ्यासकाने दाखवून दिले, की हाच देह दुसऱ्या जागीही चित्रित झालेला आहे. तो उचलून दगडांपाशी आणला गेला होता.

गार्डनरच्या बाजूने बोलता येईल. तरुण खरोखरच मेला होता, जागा बदलल्याने त्याचे मरण खोटे ठरत नाही. 1862 साली अँटिएटमच्या मृतांची चित्रे न्यूयॉर्कमध्ये मांडली गेली, तेव्हाच तर शहरवासीयांना रणांगणाचे खरे रूप दिसले. हे मला मान्य आहे. पाहणे वाईट, असे मी म्हणणार नाही. परंतु मृतांना मूठमाती देणे ही आपण दयेची कृती मानतो. येथे तो देह उचलणारे हात त्याला पुरण्यासाठी पुढे झाले नव्हते. शिवाय त्याला जे आयुष्य चिकटवले गेले, ते त्याचे नव्हते. जिवंत माणूस अशा कथेला हरकत घेतो. मृताची अब्रू सर्वस्वी आपल्या स्वाधीन असते. हेतू चांगला असला, म्हणून ती वापरण्याचा अधिकार मिळतो काय? माझ्या मते नाही.

आपल्याजवळच कोरेगावच्या स्तंभावर 1818 सालच्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या 49 शिपायांची नावे कोरली आहेत. त्यांचे चेहरे कोणी पाहिलेले नाहीत. छायाचित्रणाची कला तेव्हा जन्मली नव्हती. पेशव्यांच्या बाजूने पडलेल्यांची तर त्यावर नावेही नाहीत. गेटिसबर्गच्या तरुणाचा चेहरा साऱ्या जगाने पाहिला, नाव मात्र अद्याप निश्चित झालेले नाही. आणि नेमबाज म्हणून दिलेली ती ओळख, शंकास्पद ठरूनही, त्या चित्राच्या शीर्षकात आजही कायम आहे.